बेळगावचा समुद्र : वेंगुर्ले

बेळगाव हे समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवरचे शहर. येथून समुद्र दिसत नाही, की त्याची गाजही ऐकू येत नाही. तरीही या शहरातून पश्चिमेकडे निघणाऱ्या रस्त्याला लोक पिढ्यानपिढ्या ‘वेंगुर्ला रोड’ म्हणत आले आहेत. हिंडलग्याच्या अंगाला आणखी एक नाव भेटते, ‘रामघाट रोड’. प्रत्यक्षात रामघाट चंदगड तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कड्यावर आहे, आणि वेंगुर्ले तर सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, थेट अरबी समुद्राच्या काठी. थोर पुरुषांच्या नावाच्या पाट्या रस्त्यांवर फार उशिरा आल्या. त्याआधी रस्ता जिथे जाऊन पोचतो, त्या ठिकाणाचेच नाव त्याला मिळत असे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या मनात या शहराच्या पश्चिम वेशीबाहेरच समुद्र होता.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली की आपल्या भागातली कुटुंबे आजही घाट उतरून समुद्रावर जातात. पण बहुतेकांच्या गाड्या चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाने गोव्याकडे वळतात. जे वेंगुर्ल्याला जातात ते सागरेश्वरच्या पुळणीवर दोन घटका बसतात, बंदरावर सूर्यास्त पाहतात, मासळीचे जेवण जेवतात आणि परततात. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या गावाशी आपले साडेतीनशे वर्षांहून अधिक काळचे नाते आहे, त्या गावाला आपण केवळ ‘एक छान बीच’ म्हणून ओळखावे, हे मात्र मनाला रुखरुख लावणारे आहे. वेंगुर्ले म्हणजे बेळगाव-निपाणी भागाच्या इतिहासाचे समुद्राकडचे टोक, आणि ते तसे पाहिल्याशिवाय आपला स्वतःचा इतिहासही पुरा होत नाही, एवढेच या लेखातून सांगावयाचे आहे.

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या प्रदेशात ऊस, कापूस, मिरची, तंबाखू पिकते. तळकोकणात भात, नारळ, सुपारी, कोकम, मीठ आणि मासळी. एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही. त्यामुळे देवाणघेवाण होणे हे निसर्गानेच ठरवून ठेवलेले होते. प्रश्न होता तो मध्ये उभ्या असलेल्या कड्याचा. आंबोलीचा गाडीरस्ता होण्यापूर्वी रामघाटासारख्या वाटांनी बैलांचे तांडे वरखाली करीत. पाठीवर गोण्या लादलेले बैल वरून गूळ आणि कापूस घेऊन उतरत, आणि खालून मीठ, नारळ व सुकी मासळी घेऊन चढत. निपाणी-संकेश्वरकडची मंडळी गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोलीकडे येत. या सर्व वाटा खाली सावंतवाडीच्या मुलखात उतरत आणि तेथून गोव्याची हद्द टाळून समुद्र गाठायचा तर सर्वांत सोयीचे बंदर वेंगुर्लेच होते.

‘गोव्याची हद्द टाळून’ या तीन शब्दांतच वेंगुर्ल्याचे अर्धे भाग्य लिहिलेले आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा जिंकून घेतले. तेव्हापासून विजापूरच्या राज्याचे हक्काचे मोठे बंदर परक्याच्या हाती गेले. पुढे सतराव्या शतकात डच लोक, म्हणजे ज्यांना आपल्या जुन्या कागदांत वलंदेज म्हटले आहे, ते पूर्वेच्या समुद्रात पोर्तुगीजांचे कट्टर वैरी म्हणून उतरले. जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जाकार्ता, हे त्यांचे मुख्य ठाणे. पावसाळा सरला की त्यांचे आरमार गोव्याच्या तोंडाशी येऊन उभे राही आणि पोर्तुगीज जहाजांची कोंडी करी. परंतु महिनोनमहिने समुद्रात उभ्या राहणाऱ्या जहाजांना गोडे पाणी लागते, तांदूळ लागतो आणि शत्रूच्या गोटातली बातमीही लागते. गोव्यापासून जवळ, पण गोव्याच्या सत्तेबाहेर असे ठिकाण त्यांना हवे होते. ते त्यांना वेंगुर्ल्यात सापडले.

१६३७ साली योहान व्हान ट्विस्ट हा डचांचा वकील विजापूरला मुहंमद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि त्याच सुमारास वेंगुर्ल्यात डचांची वखार उभी राहिली. दोघांचाही शत्रू एकच असल्याने हा सौदा जमला. ३० सप्टेंबर १६३९ रोजी डच आरमाराने मुरगावच्या खाडीत शिरून पोर्तुगीजांची तीन मोठी गलबते जाळली. प्रसिद्ध फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये १६४८ मध्ये या बाजूने गोव्याला गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या गावाचे नाव ‘मिंग्रेला’ असे लिहिले असून, गोव्याला वेढा घालताना डच येथूनच चांगले पाणी आणि उत्तम तांदूळ भरून घेतात, अशी नोंद केली आहे. हा तांदूळ तळकोकणात पिकलेला असेल, तसाच घाटावरून उतरलेलाही असेल. त्या काळात आपला सारा मुलूख आणि वेंगुर्ले एकाच आदिलशाही राज्याचे भाग होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्या राज्याचा वसुली हिशेब पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळेपासून मराठीत ठेवला जाई, आणि राजधानी मात्र कानडी मुलखात होती. दोन भाषांच्या सरमिसळीत राहणे ही आपल्या भागाला काही १९५६ साली लागलेली सवय नव्हे.

‘वखार’ हा शब्द आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. निपाणीत तर तंबाखूच्या वखारीवर कित्येक पिढ्यांच्या चुली पेटल्या. मालाचा साठा, त्याची निवड, वजन, हिशेब, कारकून आणि मजूर, असे जे जे निपाणीच्या वखारीत असे, ते सर्व डचांच्या वखारीतही होते. फरक एवढाच की तिला तट आणि बुरूज होते, आणि तिचा जमाखर्च बटाव्हियाला जात असे. तंबाखूचे रोपही याच किनाऱ्याच्या बाजूने, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला होता. परतताना १६०४-०५ च्या सुमारास त्याने बादशहाला नजर करण्यासाठी तंबाखू नेला, अशी हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला जे नवल वाटले, ते विजापूरच्या बाजारात त्याआधीच रुळले होते. निपाणीच्या काळ्या जमिनीत तंबाखूने जे पुढे राज्य केले, त्याचे धागेही असे समुद्रापर्यंत जातात.

वेंगुर्ल्याच्या वखारीचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे, आणि ते कागदाचे आहे. डचांचे अंमलदार मोठे चिकित्सक. घाटावर काय चालले आहे, विजापूरच्या दरबारात कोणाची चलती आहे, शिवाजी महाराजांच्या फौजा दक्षिण कोकणात कोठवर आल्या आहेत, या बातम्या वेंगुर्ल्याहून पत्रांनी बटाव्हियाला आणि तेथून हॉलंडला जात. १६६४ साली महाराजांनी कुडाळच्या बाजूला विजापूरकरांशी लढा दिला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ झाला. अशा घडामोडींच्या अगदी जवळ बसलेला हा एक परका बातमीदार होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३० नंतरच्या दशकात शिवचरित्राचे इंग्रजीत जे खंड लिहिले, त्यांत डच कागदपत्रांचा आवर्जून उपयोग केला. आपल्या राजाच्या हालचालींचा पुरावा हॉलंडच्या दप्तरात जपला जावा आणि ज्या वास्तूत तो लिहिला गेला, तिच्या भिंतींवर मात्र वेंगुर्ल्यात कित्येक दशके झाडांची मुळे चढत राहावीत, ही गोष्ट आपल्या इतिहासप्रेमाविषयी फारसे चांगले सांगत नाही.

१६६३ च्या आरंभी डचांनी कोचीन घेतले. मलबारात पक्के ठाणे मिळाल्यावर आणि पोर्तुगीजांशी तह झाल्यावर त्यांना वेंगुर्ल्याची पूर्वीइतकी निकड राहिली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचा येथील कारभार आटोपला. पुढे या किनाऱ्यावर वाडीकर सावंतांचा अंमल राहिला. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, एप्रिल १८१८ मध्ये, मन्रोच्या फौजेने तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर बेळगावचा किल्ला घेतला. या दोन तारखा आपण शाळेत वेगवेगळ्या शिकतो. प्रत्यक्षात त्या एकाच रस्त्याच्या दोन टोकांच्या तारखा आहेत. किल्ल्यापाठोपाठ बेळगावात मोठी छावणी आली. गोऱ्या पलटणी, त्यांचे अधिकारी, दारूगोळा, विलायती सामान हे सर्व मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरे आणि घाट चढून बेळगावला येई. आपला कँप आज जेथे आहे तेथे तो वाढला, याला बेळगावची थंड हवा जितकी कारण आहे, तितकेच वेंगुर्ल्याचे बंदरही आहे.

रामघाटाची चढण गाड्यांना अवघड होती. म्हणून इंग्रजांनी पारपोलीच्या बाजूने नवा घाट काढला. हाच आजचा आंबोली घाट. तो १८६९ च्या सुमारास तयार झाला. याच सुमारास वेंगुर्ल्याच्या बंदरावर आणि समुद्रातील खडकांवर दीपगृहे उभी राहिली, हा योगायोग नव्हता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. धारवाड-गदगच्या काळ्या रानातल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. तो बंदरापर्यंत पोचवायचा कसा, हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता. एक वाट कुमठा-कारवारकडे जात होती. कारवारचे बंदर वाढवता यावे म्हणून १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. दुसरी वाट बेळगाववरून वेंगुर्ल्याला उतरत होती. गाड्यांच्या रांगा, बैलांच्या घुंगरांचे आवाज आणि मुक्कामाच्या धर्मशाळा असे या रस्त्याचे वैभवाचे दिवस होते. मुक्कामाचे ठाणे म्हणून आंबोली नावारूपाला आली आणि मग थंड हवेचे ठिकाण झाली. या गाड्यांवर धारवाडकडचे कानडी शेतकरी होते, तसेच चंदगडचे मराठी गाडीवानही होते. रस्त्याने कोणाची भाषा विचारली नाही.

बेळगावच्या माणसाला त्या काळी मुंबईला जायचे असले तरी हाच मार्ग होता. गाडीने चार-पाच मुक्काम करीत वेंगुर्ले गाठायचे आणि तेथून गलबताने, पुढे आगबोटीने, मुंबईचा धक्का. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि कोर्टकचेरीसाठी गेलेली आपल्याकडची कितीतरी माणसे प्रथम वेंगुर्ल्याच्या बंदरावर समुद्र पाहती झाली असतील. गावात सधन पेठ उभी राहिली, मुंबईच्या धर्तीवर ‘क्रॉफर्ड मार्केट’ बांधले गेले. अमेरिकन मिशनने रुग्णालय काढले आणि घाटाखालच्या खेड्यापाड्यांतील रोगी तेथे येऊ लागले. त्या मिशनमधील डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. हाच मुलगा पुढे १९५७ ते १९७२ अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता, आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत होता. लहान गावे जगाशी कशी जोडलेली असतात, याचे हे एक उदाहरण पुरे आहे.

मग हे बंदर मागे का पडले? उत्तर सोपे आहे. १८८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला आली आणि कॅसलरॉकवरून मुरगाव बंदराशीही रूळ जोडले गेले. ज्या मालाला वेंगुर्ल्याला पोचायला चार-पाच दिवस लागत, तो एका दिवसात मुरगावला जाऊ लागला. पुण्या-मुंबईला जाणारा प्रवासीही आगगाडीत बसला. बंदर ओस पडले नाही. आगबोटी पुढेही कित्येक वर्षे येत राहिल्या. पण घाटावरच्या व्यापाराचा मोठा ओघ आटला. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तीही वेंगुर्ल्याला बगल देऊनच. वेंगुर्ल्याचे निवांतपण आज ज्यांना आवडते, त्यांनी हे लक्षात ठेवावे की ते निवांतपण काही मुळातले नव्हे. व्यापार निघून गेल्यावर मागे राहिलेली ती शांतता आहे.

व्यापार उणावला तरी माणसांची ये-जा थांबली नाही, आणि याच काळात या तालुक्याने मराठीला फार मोठे दान दिले. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. ज्या कादंबऱ्यांनी आपल्या आजोबांच्या पिढीला वेड लावले, त्यांतल्या कित्येक त्या खेड्यात, मिठागरांच्या शेजारी, शाळा सांभाळून लिहिल्या गेल्या. त्याच मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि गावोगावच्या सत्याग्रहींनी तेथे लाठ्या खाल्ल्या. मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ चा, वेंगुर्ल्याचा. आरती प्रभू, म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर, १९३० साली याच तालुक्यात जन्मले. जयवंत दळवींचे आरवलीही येथलेच. सीमाभागातल्या ज्या घरात मराठी पुस्तकांचे एक तरी कपाट आहे, त्या घरात वेंगुर्ले तालुका आधीच येऊन बसलेला आहे.

आणि मग येतात बॅरिस्टर नाथ पै. २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या माणसाच्या शिक्षणाचा काळ बेळगावात गेला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे ते विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, आणि १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. संसदेत त्यांनी कोकणाचा प्रश्न मांडला, तसाच सीमाभागाचाही मांडला. त्यांच्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे नव्हतेच. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना त्यांची माणसे राहत होती. १७ जानेवारी हा आपला हुतात्मा दिन. १९५६ साली त्या दिवसापासून सुरू झालेल्या गोळीबारात बेळगाव-निपाणीची माणसे पडली. १९७१ च्या हुतात्मा दिनाला नाथ पै बेळगावात आले, सभेत बोलले आणि दुसऱ्या दिवशी, १८ जानेवारीला, बेळगावातच त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. वेंगुर्ल्यात जन्म आणि बेळगावात मृत्यू! शहापुरातल्या चौकाला त्यांचे नाव आहे. त्या चौकातून रोज जाणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला; त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे वेंगुर्ल्याचा जो रस्ता बेळगावातून निघून चंदगडच्या हद्दीपर्यंत एकाच जिल्ह्यातून जात होता, त्याच्यावर एक रेघ पडली. बाचीपर्यंत एक राज्य, शिनोळीपासून दुसरे. दोन्ही गावांत बोली तीच, सोयरीक तीच, जत्राही त्याच. त्या रेषेचा वाद सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने २००४ साली नेला. त्याचा राजकीय ऊहापोह या अंकात इतरत्र होईलच. मला येथे रेषेचा परिणाम सांगायचा आहे, तो मनावर झालेला.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल वेंगुर्ल्याला गेली होती. परत आल्यावर मुलांना निबंध लिहायला सांगितला. आठवीतल्या एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले होते, ‘या वर्षी आमची सहल परराज्यात गेली होती.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक होते आणि वस्तुस्थितीलाही धरून होते. तांबड्या शाईने खूण करावी असे त्यात काही नव्हते. परंतु त्याच्या पणजोबांना हे वाक्य सुचले नसते. त्यांनी ‘खाली कोकणात गेलो होतो’ असे लिहिले असते. ‘खाली’ आणि ‘पर’ या दोन शब्दांमधले अंतर सव्वाशे किलोमीटरांहून पुष्कळ जास्त आहे.

हे अंतर मोटारगाडीने कमी होत नाही. २०२२ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत दोन राज्यांतला तणाव वाढला, तेव्हा आंतरराज्य बसगाड्या काही काळ थांबल्या होत्या. ज्या रस्त्याने आदिलशाही, मराठे आणि इंग्रज अशा तीन अमदानींत माल आणि माणसे अखंड गेली, तो एखाद्या संध्याकाळच्या घटनेने बंद पडू शकतो, हे आपण पाहिले. बस पुन्हा सुरू होते. पण दर वेळी थोडी माणसे ‘कशाला त्या भानगडीत’ म्हणून दुसरीकडे जाऊ लागतात, आणि रस्ता हळूहळू फक्त नावाचा उरतो.

असे असले तरी सगळेच धागे तुटलेले नाहीत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात निघालेल्या ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ यांसारख्या काजूच्या जाती आज घाटावरच्या बागांतही पोचल्या आहेत. चंदगड, आजरा, खानापूरकडचा शेतकरी रोप मागताना बंदराचेच नाव घेतो. ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंबेही त्या भागाच्या संशोधनाचीच फळे. पूर्वी त्या बाजूने मीठ आणि मासळी वर येई, आता कलमेही येतात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये वेंगुर्ले तालुक्यातच, परुळे-चिपीला विमानतळ सुरू झाला. पर्यटक वाढतील, हॉटेलेही वाढतील. तेव्हा हा किनारा कोणत्या नजरेने पाहिला जाणार, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होईल. दूरचा पाहुणा येथे वाळू आणि लाटा पाहील. आपण मात्र त्याहून अधिक पाहू शकतो, कारण आपण तेथे पाहुणे नव्हे.

म्हणून जाणाऱ्यांना एक-दोन सूचना कराव्याशा वाटतात. आंबोलीला धबधब्याखाली भिजून झाल्यावर घाटाच्या वळणावर क्षणभर थांबून मुलांना खालचे कोकण दाखवा आणि हा रस्ता कशासाठी बांधला गेला ते सांगा. वेंगुर्ल्यात शिरल्यावर बंदरावर धावत जाण्यापूर्वी डच वखारीच्या भिंती बघा. त्या भिंतींपाशी उभे राहून जाकार्ता, विजापूर आणि गोवा ही तीन नावे उच्चारली, तर इतिहासाचा एक अख्खा धडा होतो. बंदरावरच्या दीपगृहापाशी कापसाची गोष्ट सांगा. शिरोड्याला गेलात तर मिठागरे आणि खांडेकरांची शाळा दोन्ही दाखवा. यासाठी वेगळा खर्च येत नाही, फक्त अर्धा दिवस अधिक लागतो.

दुसरी गोष्ट घरी बसून करण्याची आहे आणि ती अधिक निकडीची आहे. बेळगाव, शहापूर, निपाणी येथल्या जुन्या पेढ्यांच्या आणि घरांच्या माळ्यावर चोपड्या, खतावण्या, रोजमेळ आणि हुंड्या अजून पडून आहेत. त्यांतल्या काहींत वेंगुर्ल्याला पाठविलेल्या मालाच्या, भाड्याच्या, आगबोटीच्या नोंदी नक्कीच असतील. मोडी वाचता येत नाही म्हणून दर दिवाळीच्या साफसफाईत असे गठ्ठे रद्दीत जातात. डचांनी आपला जमाखर्च जपून ठेवला म्हणून त्यांचा इतिहास आज लिहिता येतो. आपला जमाखर्च आपणच वजनावर विकत आहोत. कृपा करून तसे करू नये. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. आपल्या गावातील अशा एखाद्या वाचनालयाकडे, महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाकडे हे कागद आधी दाखवावेत. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना वेंगुर्ल्याच्या बंदराविषयी, आगबोटीविषयी, घाटातल्या मुक्कामांविषयी विचारावे आणि ते सांगतील ते वहीत उतरवून तारखेसह ठेवावे. ज्यांनी बैलगाडीने घाट उतरलेल्या आईवडिलांच्या तोंडून ती हकिकत ऐकली, अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. या सुटीत समुद्रावर जाणे जमले नाही तरी चालेल. माळ्यावरचा तो गठ्ठा मात्र या दिवाळीत झाडून, उन्हात घालून, पुन्हा नीट बांधून ठेवावा.